बरणी बरोबर होती

आमच्या भाऊजींना प्रयोगशाळेत सगळे बरणीकाका म्हणायचे आणि त्यांना त्याचं काही वाटायचं नाही. मला वाटायचं. मी त्याच प्रयोगशाळेत पाण्याचे नमुने तपासते, आणि ते माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. कुणी "तुमचे बरणीकाका कुठायत?" म्हणून दात काढले की माझं डोकं सटकायचं. माझं डोकं सटकायला तसं फार काही लागत नाही, हे घरातलं कुणीही सांगेल.

भाऊजींकडे स्टोअर होतं. लांब बोळाच्या टोकाची खोली, भिंतींना छतापर्यंत फळ्या, आणि फळ्यांवर बाटल्या, नळ्या, डबे, झाकणं. काच थोडी, बाकी सगळं प्लॅस्टिक. खिडकीच्या कट्ट्यावर त्यांच्या त्या प्रसिद्ध बरण्या. नवा माल आला की भाऊजी त्यातली एखादी वस्तू कापायचे, तिचे बोटाएवढे तुकडे करायचे आणि एकेक तुकडा एकेका बरणीत बुडवून ठेवायचे. एक ॲसिटोनमध्ये, एक स्पिरिटमध्ये, एक ॲसिडमध्ये, एक कॉस्टिक सोड्यात. महिनाभराने काढायचे, पुसायचे, तोलायचे, वाकवून बघायचे. फुगला का, पिवळा पडला का, कडकन मोडला का. हे करायला त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

"अहो, भिंतीवर छापील तक्ता आहे ना?" मी एकदा वैतागून म्हटलं. "कुठल्या प्लॅस्टिकला काय चालतं, काय चालत नाही, सगळं लिहिलंय त्यात."

"तक्ता खराच आहे हो," ते म्हणाले. "पण आलेला माल तक्त्यातलाच आहे, हे मला कोण सांगणार?"

यावर काय बोलणार, कपाळ! बरं, त्यांचं नेहमी बरोबर यायचं असंही नाही. एकदा चांगली खोकंभर झाकणं त्यांनी नापास केली, आणि मग कळलं की तपासायची बरणीच नीट धुतलेली नव्हती. साहेबांनी सगळ्यांसमोर झापलं. भाऊजी मान खाली घालून ऐकत राहिले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तुकडे कापायला बसले.

प्लॅस्टिकबद्दल ते घरातल्या माणसांबद्दल बोलावं तसं बोलायचे. "पॉलिस्टायरीन म्हणजे तुम्ही," मला म्हणायचे. "चकचकीत, आरपार, मनात काही ठेवायचं नाही. पण ॲसिटोनचा थेंब पडला की विरघळलात."

"आणि ताई?"

"ती टेफ्लॉन. तिच्यावर कशाचाच परिणाम होत नाही. माझ्या बोलण्याचा तर नाहीच नाही."

"ऐकू येतंय मला," ताई आतून ओरडायची.

"आणि तुम्ही स्वतः कोण, ते तरी कळू द्या," मी म्हणायचे.

"मी पॉलिप्रॉपिलीन. दिसायला दुधट, मळकट, कुणी वळून बघणार नाही. पण उकळा, ॲसिडात बुडवा, स्पिरिट ओता, तक्रार नाही."

कडक नायट्रिक ॲसिडात बरेच दिवस ठेवलं तर त्याचेही तुकडे पडतात, हे मात्र ते सांगायचे नाहीत. ते मी तक्त्यात वाचलं.

ॲक्रिलिकला ते नाजूकसाजूक म्हणायचे. आमच्या टेबलांपुढे ॲक्रिलिकचे आडोसे आहेत, अंगावर काही उडू नये म्हणून. काचेपेक्षा स्वच्छ दिसतात. एकदा सफाईवाल्या बाईंनी ते सगळे स्पिरिटने लख्ख पुसले. बाईंचा हेतू चांगला, हात चांगला, पुसणंही चांगलं. आठवड्याभरात आडोशांच्या कडांना बारीक बारीक भेगा पडल्या, आतल्या आत, हाताला न लागणाऱ्या. भाऊजींनी प्रत्येक आडोशावर स्वतःच्या अक्षरात चिठ्ठी चिकटवली: 'स्पिरिट लावू नये. साबण आणि पाणी.' बाई बिचाऱ्या रडकुंडीला आल्या. म्हणाल्या, "पण काका, आता काही लावून या भेगा जातील ना?" भाऊजी म्हणाले, "नाही हो. गेलं ते गेलं."

आता ठकीचं सांगते. ठकी म्हणजे माझी भाची, ताई-भाऊजींची एकुलती एक. खरं नाव वेगळं आहे, पण ते फक्त शाळेच्या दाखल्यावर. बोलायला लागायच्या आधीच तिच्या डाव्या डोळ्यात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले डोळा काढला तर पोर वाचेल. काढला. पोर वाचली, नुसती वाचली नाही तर घर डोक्यावर घेण्याइतकी वाचली. तिच्यासाठी खोटा डोळा बनवून घेतला. ती वाढत गेली तसे डोळेही मोठे बनवून घ्यावे लागले. शेवटचा बनवला तो ती मोठी झाल्यावर, आणि तो काय बनला म्हणता! तो म्हातारा कारागीर तिला खिडकीपाशी समोर बसवून तिच्या उजव्या डोळ्याकडे बघत बघत बुबुळ रंगवायचा. पांढऱ्या भागावरच्या शिरा त्याने लाल रेशमाच्या तंतूंनी केल्या होत्या. एकेक तंतू चिमट्याने लावला आणि वरून ॲक्रिलिकचा पारदर्शक थर चढवला. सगळा डोळाच ॲक्रिलिकचा. त्यानेही बजावलं होतं, साबण आणि पाणी, दुसरं काही नाही. तो डोळा घातला की मीसुद्धा विसरायचे कुठला खरा ते.

घरात त्याला कधी कुणी ॲक्रिलिक म्हटलं नाही. तो ठकीचा डोळा होता, संपलं.

लहानपणी शाळेत तिला काणी म्हणायचे. कॉलेजात कुणी तोंडावर म्हटलं नाही, पण सगळ्यांना माहीत होतं, आणि बोलताना माणसांची नजर तिच्या एका डोळ्यावरून दुसऱ्यावर उड्या मारत राहायची. ती शिक्षिका झाली. गावाच्या दुसऱ्या टोकाच्या शाळेत पहिलीचा वर्ग मिळाला. तिथे तिला ओळखणारं काळं कुत्रंही नव्हतं. सोमवारी रुजू व्हायचं होतं. त्याआधी कित्येक दिवस ती आरशासमोर उभी राहून बाजूला बघायला शिकत होती. नुसता डोळा न फिरवता सगळी मान वळवायची, म्हणजे कुणाला कळत नाही.

"मावशी," ती मला म्हणाली, "मला एक वर्ग असा हवाय की जिथे कुणाला काही ठाऊक नाही. एकच. मग पुढे कळलं तर कळू दे."

आणि शनिवारी सकाळी तिच्या डोळ्याच्या खोबणीत चिकट पाणी यायला लागलं. डॉक्टरांनी थेंब दिले, म्हणाले, घाबरण्यासारखं काही नाही, आजचा दिवस डोळा काढून ठेव, उद्या घाल, आणि स्वच्छता ठेव. तिने डोळा काढला, वाटीत ठेवला आणि डोकं दुखतंय म्हणून दुपारी झोपली.

संध्याकाळी मी गेले तेव्हा भाऊजी स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभे होते. चेहऱ्यावर काम फत्ते केल्याचा भाव. कट्ट्यावर एक छोटी दुधट बरणी, फिरकीच्या झाकणाची.

"डोळा निर्जंतुक करून टाकला," हळू आवाजात म्हणाले, ठकी उठू नये म्हणून. "डॉक्टर नुसतं स्वच्छता म्हणाले. मी म्हटलं जंतूंचं नावच नको. सोमवारी पोर शाळेत जाणार. दुपारपासून स्पिरिटमध्ये ठेवलाय. बरणी बघा, पॉलिप्रॉपिलीन. झाकणाची चकतीसुद्धा तपासून घेतली, नाहीतर तीच विरघळायची आत."

मी बरणी हातात घेतली. बाहेरून आतलं काही दिसत नव्हतं.

"हाताशी पारदर्शक डबी होती," ते सांगत होते, "पण ती ॲक्रिलिकची. म्हटलं स्पिरिटने तडकेल, म्हणून मुद्दाम ही शोधून..."

आणि ते थांबले.

मी त्यांच्याकडे बघितलं. देवाशपथ सांगते, माणसाच्या तोंडावरून रक्त उतरताना मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. त्यांनी माझ्या हातातून बरणी घेतली, पण झाकण उघडेना. उलटंच फिरवत होते. आयुष्यभर झाकणं उघडली त्या माणसाने! शेवटी मी उघडलं. डोळा काढून ताटलीत ठेवला. पांढऱ्या भागावर कोळ्याचं जाळं पसरावं तशा भेगा होत्या, आणि बुबुळावर धुरकट पडदा आला होता. लाल रेशमाचे तंतू भेगांमध्ये हरवून गेले होते.

"अहो भाऊजी!" एवढंच माझ्या तोंडून निघालं. एरवी माझं तोंड बंद करायला चार माणसं लागतात.

"मी बरणी बघितली," ते म्हणाले. "मी बरणीच बघत बसलो."

ताई आली, तिने ताटलीत बघितलं आणि मटकन खुर्चीत बसली. मग भडकली. "जगातल्या सगळ्या बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवत फिरता आणि घरात हे? कुणी सांगितलं होतं तुम्हाला हात लावायला? इतकी वर्षं ती साबणाने धुतेय ना?" तिच्या आवाजाने ठकी उठून आली, एका हाताने डावा डोळा झाकून, आणि ताटलीसमोर उभी राहिली.

ती रडली. मोठ्याने नाही. "एकच वर्ग मागितला होता," म्हणाली, आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

रविवारी सकाळी भाऊजी आणि मी त्या म्हाताऱ्या कारागिराकडे गेलो. भाऊजींना एकटं सोडायची माझी छाती नव्हती. कारागिराने दुकान बंद करून बराच काळ झाला होता. तो घरी खिडकीशी बसलेला, गुडघ्यांवर पांघरूण. भाऊजींनी डोळा पुढे केला तर घ्यायला त्याने हात पुढे केला, आणि तो हात नुसता लटलट कापत होता. डोळा त्याच्या हातात देववेना, म्हणून मी खिडकीच्या उजेडात धरला.

"स्पिरिट?" त्याने विचारलं.

भाऊजींनी मान हलवली.

"वरून घासून होणार नाही. भेग आत आहे," म्हातारा म्हणाला. "नवाच करावा लागेल. साचा, मेण, मग रंग. आता माझ्याने होत नाही ते. दुसरे आहेत, पण त्यांच्याकडे महिन्या-दोन महिन्यांची रांग." मग डोळ्याकडे बघत तोच पुटपुटला, "चांगला जमला होता हो हा."

परतताना मला वाटलं आता घरी जाऊ. भाऊजी प्रयोगशाळेच्या रस्त्याला वळले.

"कुठे निघालात?"

"क्लोरोफॉर्म," ते म्हणाले.

मला कळलं. तडकलेलं ॲक्रिलिक आम्ही कधीमधी क्लोरोफॉर्मने चिकटवतो. थेंबाने कडा वितळतात आणि एकमेकींत मिसळतात. वाफेवर धरलं तर खरवडलेला भाग गुळगुळीत होतो. पण ती आडोशाची सरळ पट्टी असते. हा डोळा होता.

"भाऊजी, राहू द्या. तुम्हीच त्या बाईंना म्हणालात ना, गेलं ते गेलं."

"एकदा बघू द्या," ते म्हणाले. "आहे त्यापेक्षा वाईट काय होणार?"

असं म्हणू नये माणसाने. कधीच म्हणू नये.

राखणदार ओळखीचा, त्याने आत सोडलं. रविवारची प्रयोगशाळा फार वाईट दिसते. पंखे बंद, टेबलं पुसलेली, प्रत्येक आडोशावर भाऊजींच्या अक्षरातली चिठ्ठी. धूर ओढून घेणाऱ्या कपाटाखाली त्यांनी काचेच्या पेल्यात थोडा क्लोरोफॉर्म ओतला. डोळा चिमट्यात धरला आणि वाफेवर नेला. मी त्यांचा दंड धरला होता, थांबवायला की आधाराला, कोण जाणे. सुरुवातीला खरंच वरचा पृष्ठभाग चमकायला लागला. भाऊजी लहान मुलासारखे हसले. "बघा, बघा, येतंय!"

मग भेगांमधून वाफ आत शिरली असावी. बुबुळाची कड हलली. तपकिरी रंग पांढऱ्यात हळूहळू उतरायला लागला. भाऊजींनी झटकन चिमटा मागे घेतला, फुंकर मारली, पंख्याशी नेला, पंखा बंद, तो लावायला मी धावले. काही उपयोग झाला नाही. रंग जिथे थांबायचा तिथे थांबला. ठकीचा डोळा एका बाजूला ओघळून गेला होता.

भाऊजी स्टुलावर बसले. मी त्यांच्या डोक्यावरून हात फिरवला, थोरल्या मेहुण्याच्या! दुसरं सुचलंच नाही काही. त्यांनी तो ओघळलेला डोळा पुसला, खिशातून ती दुधट बरणी काढली, त्यात ठेवला आणि झाकण घट्ट लावलं.

घरी ठकी टेबलाशी बसून पहिलीच्या मुलांसाठी रंगीत कागदाचे आकडे कापत होती. डाव्या डोळ्यावर पांढरी पट्टी. भाऊजी तिच्यासमोर उभे राहिले, शिक्षा झालेल्या मुलासारखे.

"मी उद्या शाळेत येतो," ते म्हणाले. "मोठ्या बाईंना सांगतो, मुलांना सांगतो, माझी चूक आहे म्हणून. किंवा दोन महिन्यांची रजा माग. मी जाऊन मागतो."

"बाबा, तुम्ही यायचं नाही," ठकी म्हणाली. "आणि रजा मी घेणार नाही. वर्ग दुसऱ्या कुणाला देतील."

"पण तुला पट्टी लावून..."

"जाईन मी."

"मी नवा करून आणतो. रांगेत मी जाऊन बसतो. रोज."

तिने कात्री खाली ठेवली. तिचा आवाज चढला नव्हता, तेच जास्त वाईट. "बाबा, मला त्या डोळ्यातून कधी काही दिसलंच नाही. तो मी तुमच्यासाठी घालायचे. तुम्हाला मी पट्टीत बघवत नव्हते, लहानपणापासून. मग लोकांनाही बघवत नसेल असं मला वाटायला लागलं." एवढं बोलून ती पुन्हा आकडे कापायला लागली. कापता कापता सातचा आकडा चुकला, तो चुरगळून टाकला.

ॲक्रिलिकला काय चालत नाही ते तक्त्यात असतं. पोरीला काय चाललं नव्हतं ते कुठल्या तक्त्यात बघणार? ते बाहेर जाऊन पायरीवर बसले. ताई म्हणाली, चहा घ्या. घेतला नाही. जेवायलाही आले नाहीत. माझा राग केव्हाच विरला होता, आणि राग नसला की मला काय करायचं तेच समजत नाही.

सोमवारी ते कामावर आले नाहीत. मला काय ते कळलं. अर्ध्या दिवसाची रजा टाकून मी गावाच्या त्या टोकाला गेले. भाऊजी शाळेच्या कुंपणाबाहेर उभे होते, इस्त्रीचा शर्ट घालून, केस पाणी लावून विंचरलेले, जसं काही त्यांनाच रुजू व्हायचं होतं.

"नको म्हटलं होतं ना तिने?" मी दबक्या आवाजात झापलं. "चला घरी. तिने बघितलं तर जीव खाईल तुमचा."

"आत जात नाही," ते म्हणाले. "नुसता उभा आहे."

पहिलीचा वर्ग तळमजल्यावर, कुंपणाला लागून. खिडक्या उघड्या. आम्हाला ठकी दिसत नव्हती, तिचा आवाज येत होता. ती मुलांची नावं विचारत होती, मुलं ओरडून सांगत होती, कुणीतरी दोनदा सांगितलं. मग एक बारीक आवाज आला, अगदी स्पष्ट.

"बाई, तुमचा एक डोळा कुठे गेला?"

भाऊजींनी कुंपणाची तार धरली. तिथून पुढे ते काही करू शकत नव्हते. मीही नाही. तिची ती शाळा, तिचा तो वर्ग, आणि आम्ही दोघं म्हातारी खांबासारखी बाहेर.

"तो ना," ठकी म्हणाली, "तो माझ्या बाबांकडे ठेवायला दिलाय."

"का?"

"त्यांना तो खूप आवडतो."

"मग ते परत देणार का?"

यावर ती काय म्हणाली ते आम्हाला ऐकू आलं नाही, कारण मुलं सगळी एकदम बोलायला लागली होती. कुणाच्या आजोबांचे दात पेल्यात असतात, कुणाच्या मामाचा पाय लाकडी आहे, कुणाची मांजर आंधळी आहे.

भाऊजींचा हात शर्टाच्या खिशावर होता. खिशात ती बरणी होती, मला तिचा आकार दिसत होता. ते रडत होते आणि डोळे पुसायला तो हात तिथून काढत नव्हते.

"चला," मी म्हटलं.

"शाळा सुटेपर्यंत थांबतो," ते म्हणाले. "तुम्ही जा."

मी गेले नाही. रस्त्यापलीकडे एक बाक होता, त्यांना तिथे सावलीत नेऊन बसवलं आणि शाळा सुटेपर्यंत शेजारी बसून राहिले.